आबालाल रहिमान : कोटितीर्थाकाठचा चितारी

सन १८८८ साली, एकमेकांचे नावही कधी कानी न पडलेले दोन समवयस्क चितारी, हजारो कोसांच्या अंतरावर, आपापल्या आयुष्याच्या ऐन वळणावर येऊन ठेपले होते. त्यांपैकी एक स्पेन देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील रिबादेसेया या गावी १८५७ मध्ये जन्मलेला दारिओ दे रेगोयोस. त्या वर्षी तो एमिल व्हेरहारेन या बेल्जियन कवीला बरोबर घेऊन आपल्याच मायभूमीचा प्रवास करीत होता आणि तेथील स्मशाने, प्रेतयात्रा, देवळांतील मेणबत्त्यांचा काळवंडलेला उजेड हे सारे चित्रांत टिपून ठेवीत होता. दुसरा आमच्या कोल्हापूरचा, अब्दुल अझीझ हे मूळ नाव मागे पडून आबालाल रहिमान या नावाने लोकांस परिचित झालेला. त्याच वर्षी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत त्याला व्हाइसरॉयच्या सुवर्णपदकाचा सन्मान प्राप्त झाला. रेगोयोसला आज स्पेनमधील दृक्प्रत्ययवादी चित्रकलेच्या अग्रणींत स्थान आहे. आबालालांचे स्थान मात्र कोल्हापूरच्या सीमेबाहेर पडताच धूसर होऊ लागते, आणि मराठवाड्यात, जेथे बालाघाटाच्या डोंगररांगेतील नारायणगडाच्या परिसरात बसून मी हा लेख लिहीत आहे, तेथे तर ते नाव सांगितल्यावर सुशिक्षित माणूसही प्रश्नार्थक मुद्रेने पाहतो. ही उपेक्षा मला सलते, म्हणून हा प्रपंच.

दृक्प्रत्ययवाद म्हणून जो पंथ युरोपात उदयास आला, त्याचा पहिला जाहीर उच्चार १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमधील नादार या छायाचित्रकाराच्या जागेत भरलेल्या प्रदर्शनात झाला. वस्तूची रेखीव आकृती आधी आणि रंग मागाहून, हा चित्रशाळांचा दंडक झुगारून, वस्तूवर पडलेला प्रकाश ज्या क्षणी जसा डोळ्यांस भासतो तसाच तो तुटक, मोकळ्या फटकाऱ्यांनी पटावर उतरवावा, आणि त्यासाठी चित्रशाळेच्या चार भिंती सोडून उघड्यावर बसावे, असा त्या मंडळींचा आग्रह होता. पुढे झॉर्झ सरा याने फटकाऱ्याचाही बिंदू केला. निरनिराळ्या शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून त्यांचे मिश्रण पाहणाराच्या डोळ्यांवर सोपवले. रेगोयोस ब्रसेल्सला राहून या घडामोडीत प्रत्यक्ष वावरलेला माणूस होता. आबालालांच्या बाबतीत यांपैकी काहीच संभवत नव्हते. त्यांनी ना पॅरिस पाहिले, ना त्या पंथातील मोने वा सरा यांची मूळ चित्रे. तरीही त्यांच्या उपलब्ध निसर्गचित्रांत प्रकाश कणाकणांनी विखुरलेला, छायेत काळ्या रंगाऐवजी निळे-जांभळे तरंग मिसळलेले आणि पाण्याची सकंप पृष्ठे लहान लहान रंगबिंदूंनी विणलेली आढळतात. ते त्यांना कोठून सुचले, याचा विचार करणे मला त्यांच्या चरित्राचा गाभा वाटतो.

त्यांच्या जन्माचे वर्ष कोणी १८५६ लिहितात, कोणी १८६०. घराणे कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्यांचे, म्हणजे कातिबांचे. छापखान्यांचा सुळसुळाट होण्यापूर्वीच्या त्या काळात हा व्यवसाय केवळ पोटाचा नव्हता, तर उपासनेचा होता; अक्षर चुकणे हा दोष नव्हे, पाप समजले जाई, आणि पानाच्या कडांवरील वेलबुट्टी व सोनेरी महिरपी यांतही तीच शुचिता पाळावी लागे. अरबी सुलेखनाच्या परंपरेत अक्षराचे माप काढण्याची रीत मोठी अर्थपूर्ण आहे. बोरूचे टोक कागदावर टेकवून जो चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता हेच तेथील परिमाण. अलिफ हे अक्षर इतक्या नुक्त्यांचे उंच, अमुक वर्तुळ इतक्या नुक्त्यांचे रुंद, असे ते शास्त्र दहाव्या शतकातील इब्न मुक्ला या बगदादच्या वजिराच्या नावाशी जोडलेले आहे. ज्या मुलाच्या डोळ्यांपुढे बाळपणापासून आकृती ही ठिपक्यांच्या हिशेबाने उभी राहत आली, त्याला पुढे पाण्यावरचा उजेड ठिपक्यांनी रचावासा वाटला, तर त्यासाठी सराच्या शिष्यत्वाची आवश्यकता काय? हे माझे अनुमान आहे. परंतु परदेशी पुस्तकातील एखाद्या छापील प्रतिकृतीवरून आबालालांची शैली सिद्ध करू पाहणाऱ्या तर्कापेक्षा ते मला अधिक स्वाभाविक वाटते, कारण कलावंताचा हात प्रथम आपल्या घरच्या वळणाने चालतो.

मुंबईस जाण्याचा योग कसा आला, याविषयी कोल्हापुरात सांगतात की, भाषा शिकविण्याच्या निमित्ताने इंग्रज रेसिडेंटच्या बंगल्यावर त्यांचे जाणेयेणे होते. तेथे त्यांची चित्रे रेसिडेंटच्या पत्नीच्या दृष्टीस पडली आणि तिच्या शिफारशीने कलाशाळेचे दार उघडले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या शाळेची सूत्रे त्या काळी जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. प्राचीन ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून छायाप्रकाशाचा सूक्ष्म अभ्यास करावा, पेन्सिल आणि कोळसा यांच्या साह्याने दिवसचे दिवस एकाच मस्तकावर घालवावेत, असा तेथील शिरस्ता होता. आबालालांनी त्या काळात केलेल्या अभ्यासचित्रांवरून दिसते की या शिस्तीला ते कंटाळले नाहीत. कातिबाच्या घरातून आलेल्या त्या विद्यार्थ्याला चिकाटी नवीन नव्हती. पुढे त्यांच्या चित्रांत जो मोकळेपणा आला तो न शिकलेल्याचा मोकळेपणा नव्हे. रेखाटनावर पूर्ण अधिकार मिळविल्यानंतर त्यांनी रेषेला रजा दिली.

याच ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईचे विद्यार्थी दर हिवाळ्यात निजामाच्या मुलुखातील अजिंठ्यास जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत असत, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. त्या प्रतिकृती लंडनला रवाना झाल्या आणि त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींचीही क्रिस्टल पॅलेसच्या १८६६ च्या आगीत हीच गत झाली होती. एका पिढीचे श्रम असे अग्नीच्या स्वाधीन झाले. आबालालांच्या श्रमांच्या वाट्यास मात्र जल आले, असे कोल्हापूर सांगते. त्याकडे आपण पुढे येऊच.

पदक मिळविलेल्या तरुणास मुंबईत राहून पारशी शेटजींची व इंग्रज साहेबांची व्यक्तिचित्रे रंगवून सुखाने जगता आले असते. त्या काळी तैलरंगांतील व्यक्तिचित्रांना मोठी मागणी होती, राजा रविवर्मा यांचा बोलबाला देशभर पसरला होता आणि १८९४ मध्ये त्यांचा शिळाछापखाना निघाल्यावर तर देवदेवतांची चित्रे घरोघर पोचू लागली. आबालाल या राजरस्त्यास लागले नाहीत. ते कोल्हापुरास परतले. त्याच १८९४ च्या २ एप्रिलला शाहू छत्रपतींच्या हाती राज्यकारभाराची सूत्रे आली होती, आणि या राजाची गुणग्राहकता अशी की अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई त्याच्या दरबारी राहिला, १९१२ मध्ये खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले आणि त्याच दशकात पॅलेस थिएटर बांधले गेले. त्याच छत्राखाली आबालाल दरबारचे चित्रकार झाले. महाराजांबरोबर शिकारीस जावे, चित्त्यांच्या साह्याने होणारी हरणांची शिकार, साठमारीतील हत्ती, रानातील डेरे यांची टिपणे करावीत, हे त्यांच्या सेवेचे अंग. दरबारी चित्रकार म्हटले की तक्तावर बसलेल्या धन्याचे दागिने मोजून रंगविणारा मनुष्य डोळ्यांसमोर येतो. आबालालांस मात्र ही दरबारची चाकरी उघड्या रानात घेऊन गेली, आणि शाहू महाराजांचे मोठेपण मला येथे दिसते की त्यांनी या अबोल माणसाला त्याच्या कलाने चालू दिले.

कारण आबालालांचा खरा दरबार पाण्याकाठी भरत असे. कोल्हापूर हे पाण्याचे शहर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा, तिचे घाट व देवळे. पश्चिमेस रंकाळ्याचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यातील, पाणी चढले की अर्धा बुडणारा व उन्हाळ्यात उघडा पडणारा संध्यामठ. आणि शहराच्या पूर्वेस कोटितीर्थ, ज्याच्या काठी आबालालांचे वास्तव्य होते. आज रंकाळ्याकाठी उभा असलेला शालिनी पॅलेस तेव्हा नव्हता. त्याचे काम १९३१ ते १९३४ च्या दरम्यान झाले, म्हणजे आबालालांनी पाहिलेला रंकाळा अधिक मोकळा, अधिक एकाकी होता. एकच स्थळ सकाळी, भर दुपारी, सांजवेळी, पावसाळी ढगांखाली असे पुनःपुन्हा रंगवावे, आणि दर खेपेस ते निराळेच स्थळ आहे अशा श्रद्धेने रंगवावे, ही त्यांची रीत होती. संध्यामठाच्या चित्रांत दगडी खांब हे खांब म्हणून आपले अस्तित्व जवळजवळ विसरतात. पाण्यातले प्रतिबिंब आणि वरचे बांधकाम यांच्यामधली सीमा विरघळते आणि एक आर्द्र, सोनेरी धुके तेवढे डोळ्यांत राहते. मानवी आकृती असलीच तर ती रंगाच्या एका स्पर्शाएवढी असते, पण घागर उचलणारी बाई आणि घोडा धुणारा मोतद्दार यांतला फरक तेवढ्यातही कळतो.

येथे रेगोयोसचे स्मरण पुन्हा होते. त्यानेही काही वर्षे बिंदूंची पद्धत अवलंबिली आणि नंतर टाकली, कारण ती पद्धत चित्रकाराला चित्रशाळेत कोंडून ठेवते आणि उघड्यावरचा निसटता क्षण हातचा जातो, असे त्याला वाटू लागले. त्यालाही स्पेनचे रखरखीत ऊन फारसे मानवले नाही. वालेन्सियाच्या सागरतीरावरील लखलखीत उन्हाचे वैभव होआकिन सोरोया या त्याच्याहून तरुण चित्रकाराने गाजविले, तर रेगोयोस उत्तरेच्या बास्क प्रांतातील ओलसर हवेत, पावसाने भिजलेल्या गल्ल्यांत आणि आगगाडीच्या धुरात रमला. कास्तिल प्रांतातील गुड फ्रायडेचे त्याचे एक प्रसिद्ध चित्र १९०४ चे आहे : वर पुलावरून आगगाडी धडधडत चालली आहे आणि खाली कमानीतून टोपडी घातलेल्या भाविकांची मिरवणूक आपल्याच गतीने पुढे सरकते आहे. आबालालांच्या चित्रांत आगगाडी नाही आणि त्या चित्रातील विषादही नाही. परंतु ओल्या हवेवरील प्रेम, डौलदार विषयांविषयीची अनास्था आणि लौकिकाविषयीची बेफिकिरी ही तिन्ही लक्षणे दोघांत समान आहेत. रेगोयोसही १९१३ मध्ये बार्सेलोना येथे वारला तेव्हा त्याच्या पदरी फारसे काही नव्हते; त्याच्या देशाने त्याची थोरवी मागाहून ओळखली, पण ओळखली, आणि त्याची चित्रे संग्रहालयांत सुरक्षित ठेवली.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. यानंतरची जी आख्यायिका कोल्हापुरात घराघरांतून सांगितली जाते ती अशी की, धन्याच्या वियोगाने विरक्त झालेल्या आबालालांनी आपली चित्रे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी कोटितीर्थात बुडविली. आकडा हजारोंचा सांगतात. आकड्याची शहानिशा करण्याचे साधन आज कोणाजवळ नाही, आणि लोककथा दुःखाला नेहमीच मोठी संख्या देते. तथापि ज्याने हयातभर रोज चित्रे काढली त्याची इतकी थोडी चित्रे मागे राहावीत, हे वास्तव त्या कथेच्या पाठीशी उभे आहे. मला त्या कृत्यात वेडाचा झटका दिसत नाही. ज्या एका मनुष्याला ती चित्रे दाखवावीत असे वाटे तो मनुष्य गेला. बाजार आबालालांनी कधी मांडला नव्हता. शिष्यशाखा जमविली नव्हती. आणि जीर्ण झालेल्या कुराणाच्या प्रती कोठेही फेकू नयेत, त्या आदराने दफन कराव्यात वा वाहत्या पाण्यास अर्पण कराव्यात, ही मर्यादा तर कातिबाच्या घरातील मुलास उपजतच ठाऊक असणार. ज्या पाण्याकडे पाहून ते कागद रंगविले, त्याच पाण्यास ते परत केले, असा या घटनेचा अर्थ मी लावतो. हा अर्थ मान्य केला तरी आपली हानी कमी होत नाही. एक दरबार असेपर्यंत कलावंत सुरक्षित आणि दरबार संपताच त्याचे सर्वस्व निराधार, ही व्यवस्थाच मुळात सदोष होती, आणि तिचा दोष एका थकलेल्या चिताऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

हा विचार नारायणगडाच्या परिसरात अधिकच टोचतो. नगद नारायण महाराजांचा बीड जिल्ह्यातला हा गड धाकटी पंढरी म्हणून सर्वश्रुत. संत भगवानबाबांनी आपले गुरू माणिकबाबांच्या चरणी साधना केली ती येथेच. आबालाल रंकाळ्याकाठी बसत त्या काळीही गडावर टाळमृदंगाचा घोष चालू असे आणि डोंगरउतारांवरून दिंड्या चढत-उतरत असत. बालाघाटाचे ऊन कोल्हापूरच्या उन्हासारखे ओले नाही. ते कोरडे, कठोर, काळ्या कातळावर आदळून परतणारे, कास्तिलच्या पठाराशी अधिक नाते सांगणारे आहे. त्या उन्हातून चाललेल्या पताकांचे भगवे हेलकावे आणि धुळीचा सोनेरी पडदा रंगविणारा आबालाल आम्हांस का मिळाला नाही? गुण नव्हता, हे उत्तर मी स्वीकारणार नाही. ज्या मुलुखात अजिंठ्याच्या भिंती आहेत त्याला चित्रकलेचा गुण शिकविण्याची गरज नाही. बीड हा निजामाच्या राज्यातला एक दूरचा जिल्हा होता. अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीत सारा जमा व्हावा आणि हैदराबादेस रवाना व्हावा, याहून या भागाचे व राजधानीचे दृढ नाते नव्हते. राजभाषा निराळी, आश्रय दूर, आणि चित्रकला शिकवील अशी शाळा जवळपास नाही. अजिंठ्याच्या जतनासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणविले, हे त्या सरकारचे श्रेय मी मोकळेपणाने मान्य करतो; परंतु जुन्या चित्रांची निगा राखणे आणि नव्या चिताऱ्यास हात देणे या भिन्न गोष्टी आहेत. कोल्हापूरच्या कातिबपुत्रास जो एक धागा मिळाला, रेसिडेन्सीपासून मुंबईपर्यंत आणि मुंबईपासून राजवाड्यापर्यंत, तो आमच्या बाजूस कोणी विणलाच नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचे राज्य गेले, तोवर आबालालांना जाऊन सोळा-सतरा वर्षे लोटली होती.

आबालालांनी शिष्य केले नाहीत, तरी त्यांचा वारसा कोल्हापुरात रुजला. आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री घराण्यातील दोघे भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्यांपैकी आनंदराव १९१६ मध्ये अकाली गेले आणि बाबूरावांनी, म्हणजे पुढच्या बाबूराव पेंटरांनी, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. बाबूरावांच्या मनात आबालालांविषयी नितांत आदर होता. प्रकाश हाच चित्राचा खरा विषय, ही जाणीव ज्या गावच्या हवेत होती त्याच गावात चित्रपटाचे मराठी धुरीण घडले; दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी त्याच कंपनीतून बाहेर पडली. हा सारा प्रवाह आबालालांपासून निघाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण कोल्हापूरच्या निसर्गचित्रणाच्या परंपरेत पुढे ज्यांनी ज्यांनी पंचगंगेचा घाट रंगविला, त्यांपैकी प्रत्येकाला आबालालांनी आधी पाहिलेल्या घाटाशी आपली नजर ताडून घ्यावी लागली, एवढे मी निःशंकपणे म्हणतो.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल रहिमान कोल्हापुरात निवर्तले. त्यांची जी चित्रे शिल्लक आहेत त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात, काही राजघराण्याच्या संग्रहात आणि काही खासगी घरांत आहेत. जलरंग उजेडाने फिकटतात, कागदास कसर लागते, दमट हवेने डाग पडतात. प्रत्येक पावसाळ्यागणिक ही शिल्लक घटते आहे. म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. कोल्हापुरात ज्या कोणा कुटुंबाच्या पेटीत वाडवडिलांकडून आलेले, सही नसलेले का होईना, पाण्याघाटाचे एखादे जुने चित्र पडून असेल, त्यांनी ते जाणकारास दाखवावे आणि त्याची नोंद करून घ्यावी. आणि शासनाने त्यांच्या ज्ञात चित्रांची एक सचित्र सूची सिद्ध करून ती बीडसह प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथालयात ठेवावी.